फिरवलेली फिल्म

एक्स-रेच्या कामात देवमन तायडेला कोणी शहाणपण शिकवायला जाऊ नये, असं अकोल्यातल्या दवाखान्यांत बोललं जायचं, आणि ते खोटं नव्हतं. एकतीस वर्षं त्यानं सरकारी नोकरीत हेच केलं. मोडकी हाडं, भरलेली फुफ्फुसं, पोरांनी गिळलेल्या सेफ्टी पिना. रिटायर झाल्यावर आठ दिवस घरी बसला, तर बायकोनं, मायानं, हात जोडले. "अवो, कुठंतरी कामाले लागा बाप्पा. दिवसभर माह्या डोक्यावर बसून राहिले तुमी." मग जठारपेठेतल्या एका लहान मुलांच्या हॉस्पिटलात तो पुन्हा एक्स-रेच्या खोलीत जाऊन उभा राहिला. तिथल्या डॉक्टरांना, अद्वैत सरांना, तो पहिल्या दिवसापासून आवडला. तेही त्याला काका म्हणायला लागले.

देवमनची एक म्हण होती, स्वतःच घडवलेली. "पेशंट उलटा नसते बाप्पा, फिल्म उलटी असते." आता ही भानगड काय, तर सांगतो. एक्स-रे काढताना कॅसेट कधी पालथी जाते, कधी माणूसच उलटा झोपवला जातो. मग चित्रात डावं ते उजवं होतं आणि हृदय उजव्या बाजूला दिसतं. म्हणून डाव्या अंगाला शिशाचं एक बारकं अक्षर ठेवायचं असतं, ते चित्रात उमटतं. नवशिके ते अक्षर विसरायचे आणि उजवीकडचं हृदय बघून घाबरेघुबरे होऊन देवमनकडे पळत यायचे. देवमन हसायचा. "कारे, याचं हृदय का रस्ता चुकलं?" म्हणायचा आणि फिल्म फिरवून द्यायचा. एकतीस वर्षांत एकदाही त्याचं म्हणणं चुकलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिथंच घात होता.

दीक्षा ही त्याची एकुलती एक लेक. अमरावतीत दिली होती. जावई सुगत वानखडे नांदगाव पेठच्या एका कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर, सरळ माणूस. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा लागल्यावर ती अकोल्याला आली आणि फेब्रुवारीच्या शेवटी तिला मुलगा झाला. अडीच किलोच्या जरा वर भरला. सावळा, लांब बोटांचा, कपाळावर आठ्या घेऊनच आलेला. देवमन त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणायचा, "काय म्हणतात साहेब? काही तक्रार?" माया म्हणायची, "अवो, श्वास तर घेऊ द्या त्याले." पण तिचंही तेच चाललेलं असायचं. घरात डिंकाच्या लाडवांचा, शेकाच्या ओव्याचा वास कोंदला होता आणि देवमन कामावर जाताना तीनदा परत फिरून पाळण्यात डोकावायचा.

चौथ्या दिवशी माया म्हणाली, "हे लेकरू दूध पितापिता घामाघूम काहून होते?"

खरंच होत होतं. दोन घोट घ्यायचं, सोडून द्यायचं, धापा टाकायचं. कपाळ ओलंचिंब. छाती भात्यासारखी हलत होती. दीक्षाला वाटलं, आपल्यालाच नीट पाजता येत नाही. देवमननं लेकराला दुपट्यात गुंडाळलं, मायाला रिक्षात बसवलं आणि आपल्याच हॉस्पिटलात नेलं.

अद्वैत सरांनी श्वास मोजले, छातीला नळी लावली, बोटाला ते लाल दिव्याचं यंत्र लावलं. म्हणाले, "काका, न्यूमोनिया वाटतोय. एक एक्स-रे बघू या."

"मीच काढतो," देवमन म्हणाला. दुसरं कोणी त्या लेकराला हात लावणार, हे त्याला सहनच झालं नसतं.

आपल्या माणसावर शस्त्र चालवू नये म्हणतात ते सर्जनचं. एक्स-रेवाल्याला कोणी असं सांगून ठेवलेलं नाही. छोट्या साहेबांना टेबलावर ठेवलं तर ते किंचाळायलाच लागले. मायानं शिशाचा जड एप्रन घालून त्याचे दोन्ही हात वर धरले. "लवकर करा न वो," ती रडकुंडीला आली होती. देवमननं घाईघाईनं कॅसेट सरकवली, माप घेतलं, बटन दाबलं. शिशाचं अक्षर त्याच्या खिशातच राहिलं. हजारो पेशंटांना न विसरलेली गोष्ट तो आपल्या नातवाला विसरला.

स्क्रीनवर चित्र आलं. हृदय उजवीकडे.

"हात तुझ्या मायले!" देवमन स्वतःशीच हसला. "म्हातारा झाला बे देवमन तू. कॅसेट उलटी घातली."

पुन्हा काढता आला असता. पण चार दिवसांच्या जिवाला दुसऱ्यांदा किरण कशाला द्यायचे? तेही आपल्याच लेकराला? संगणकावर एक क्लिक केलं की चित्र फिरतं. त्यानं फिरवलं. डाव्या कोपऱ्यात अक्षर टाकलं. हृदय जिथं असायला पाहिजे तिथं आलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या डोळ्यांना टोचली. जठरात हवा असते, ती चित्रात काळ्या गोलासारखी दिसते, हृदयाच्या खाली, डाव्याच अंगाला. फिल्म नुसतीच उलटी असती, तर फिरवल्यावर तीही डावीकडे आली असती; ती आता उजवीकडे दिसत होती. देवमननं ते बघितलं. नजर चुकली असं म्हणायला जागा नाही, त्यानं चांगलं बघितलं, आणि मनाशी म्हणाला, रडून रडून हवा गिळली असेल, गेली असेल इकडंतिकडं. बाहेर लेकरू आजीच्या खांद्यावर ओरडत होतं. त्यानं फिल्म छापली आणि सरांच्या हातात नेऊन दिली.

सरांनी फिल्म दिव्यावर धरली. हृदय जरा मोठं, फुफ्फुसांत धूसरपणा. "न्यूमोनियाच," ते म्हणाले. नळी पुन्हा लावून बघितली, पण एवढ्याशा छातीत ठोके सगळीकडेच ऐकू येतात. पाच दिवस इंजेक्शनं झाली, ऑक्सिजन झाला. साहेब जरा खुलले. नवव्या दिवशी घरी आले तेव्हा मायानं दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. देवमन म्हणाला, "असे थेर आपल्यात नसतात व." माया म्हणाली, "तुमी गप राहा."

अकराव्या दिवशी सकाळी लेकराचे पाय थंड पडले.

दीक्षानं हाक मारली तेव्हा तिचा आवाजच निराळा होता. "बाबा, याचा रंग पाहा." लेकरू राखेसारखं झालं होतं. डोळे अर्धे उघडे, ओठ दूध ओढत नव्हते. रविवारी नाव ठेवायचं म्हणून सुगत आदल्या दिवशीच अकोल्याला आलेला होता, त्यानंच उचललं. अद्वैत सरांनी बघितल्याबरोबर ॲम्ब्युलन्स बोलावली. लहान मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर, जुईली मॅडम, त्या दिवशी अमरावतीत होत्या. मूर्तिजापूर, बडनेरा, सगळा रस्ता दीक्षा ओल्या टाक्यांनिशी स्ट्रेचरच्या दांडीला धरून बसली. देवमन पुढं ड्रायव्हरजवळ बसला होता आणि सारखा मागच्या खिडकीतून बघत होता.

जुईली मॅडम तरुण होत्या, पण बोलायला शांत. त्यांनी तपासलं, लगेच एक औषध शिरेतून सुरू करायला सांगितलं आणि मग चौघांना समोर उभं करून समजावलं. बाळाचं हृदय उजव्या बाजूला आहे. नुसतं तेवढं असतं तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, त्याला पत्ताही लागत नाही. पण हृदयाची जागा चुकली की पुष्कळदा आतली बांधणीही चुकते. ह्याच्या मधल्या पडद्याला मोठं भोक आहे, आणि अंगभर रक्त नेणारी मोठी नळी एका जागी चिमटल्यासारखी अरुंद आहे. आईच्या पोटात असताना बाळाला एक जोडवाट असते, जन्मानंतर ती हळूहळू बुजते. इतके दिवस खालच्या अंगाला रक्त त्या वाटेनं जात होतं. आता ती बुजली.

"तुमी सुरू केलं ते औषध?" सुगतनं विचारलं.

"ती वाट उघडी ठेवायचं. पण आधीच दिलं असतं तर..." मॅडम थांबल्या. त्यांनी अकोल्याची फाईल उघडली, फिल्म काढून खिडकीकडं धरली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा एक्स-रे ह्याच बाळाचा आहे ना? यात तर हृदय डावीकडे आहे."

"म्हंजे?" सुगत म्हणाला. "दुसऱ्याच्या लेकराची फिल्म देली काय आमाले?"

"अदलाबदल झाली असेल. होतं कधी कधी."

सुगतचा चेहरा लाल झाला. "बाबा, तुमच्या दवाखान्यात असे धंदे चालतात काय?"

उभ्या जागी देवमनला सगळं कळलं, एका क्षणात. कॅसेट उलटी गेलीच नव्हती. अक्षर खिशात, क्लिक, आणि तो उजवीकडचा काळा गोल. बोलायचं होतं, आत्ता, इथंच. पण दीक्षानं त्याचा दंड घट्ट धरला होता, पडायला आली होती ती. त्यानं आधी तिला खुर्चीत बसवलं आणि बोलणं राहूनच गेलं.

औषध लागू पडलं, ती वाट थोडी उघडलीही, पण तोवर मूत्रपिंडांनी हात टेकले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला साहेब गेले. पाळण्याच्या चिठ्ठीवर 'दीक्षा वानखडे यांचे बाळ' एवढंच लिहिलेलं होतं. रविवार आलाच नव्हता.

नांदगाव पेठच्या वेशीबाहेर पुरलं. सुगतनं दोन्ही हातांवर नेलं, कोणाला हात लावू दिला नाही. वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं त्रिशरण म्हटलं. देवमननं मूठभर माती टाकली आणि ती टाकताना त्याच्या मनात आलं की आपण आत्ता ओरडलो पाहिजे. ओरडला नाही. माणसं होती, जावई होता, व्याही होते. माणसांपुढं तोंड उघडत नाही आणि एकांतात ऐकायला कोणी नसतं, असं त्याचं होऊन बसलं.

सुगतची आई कौशल्याबाई वाईट बाई नव्हती. नातवासाठी तिनंच सगळ्यात जास्त आक्रोश केला. पण रडता रडता तिच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळ पालथं होतं, हृदय नीट दिसलं नव्हतं, डॉक्टरनं आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं होतं. "गेली असती तर तवाच दिसलं असतं न, बाई," ती म्हणाली. "त्या दिवशी तुही परीक्षा होती."

परीक्षा होतीच. भरतीची. दोन वर्षं दीक्षा तिची वाट बघत होती. नंतर जाऊ म्हणाली आणि नंतर कारखान्याच्या पाळ्या, अकोल्याला यायची गडबड, राहून गेलं. दुसऱ्या कोणी लक्षातही ठेवलं नसतं. पण आता ते वाक्य दीक्षाच्या कानातून निघेना.

उरलेलं बाळंतपण काढायला तिला अकोल्याला आणलं. आता कसलं बाळंतपण! लेकरू नाही, पण दूध येतच राहिलं. मायानं जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून तिची छाती आवळून बांधली, तरी सकाळी उठेपर्यंत ती भिजलेली असायची. दीक्षा ताटावर बसायची आणि उठायची. बारीक झाली, डोळे आत गेले. भेटायला येईल त्या बाईला एकच गोष्ट सांगायची, कोर्टात जबानी द्यावी तशी: तारीख बारा होती, मले बोलावलं होतं, मी गेली नाही, मी पेपर देत बसली होती. बाया म्हणायच्या, "असं नोको म्हणू व, नशिबाचा खेळ असते." ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या बाईला पुन्हा सुरू करायची.

देवमन शेजारच्या खोलीत असायचा. सगळं ऐकू यायचं त्याला.

लेकरू गेल्याच्या चौथ्या दिवशी तो अद्वैत सरांकडं गेला. दार लावून घेतलं आणि उभ्यानंच सांगून टाकलं. सर म्हणाले, "काका, फिल्म मी वाचली. पोटातली हवा उजवीकडे आहे, हे मलाही दिसायला पाहिजे होतं. खाली सही माझी आहे."

"फिरवली मी."

"आता कोणाला काही बोलू नका. तुम्हाला त्रास, मला त्रास, आणि दीक्षाला त्यातून काय मिळणार?"

"सात दिवस होते सर. त्या दिवशी समजलं असतं तर वाचला असता काय?"

"असं सांगता येत नाही. ऑपरेशन मोठं होतं, मुंबईला न्यावं लागलं असतं." खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "बहुतेक वाचला असता."

देवमननं दुसऱ्या दिवसापासून कामावर जाणं सोडलं.

मायाला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात तूर निवडत होती. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. रडली नाही. उठून मधलं दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तिले सांगू नोका."

"ती स्वोताले खाऊन राहिली माया."

"आज ना उद्या सावरन. लोकायच्या लेकी सावरतात. पण तिले हे समजलं, तर तिले माहेर राहन काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. नातू गेला, आता लेक घालवता काय?"

"आन् तिनं स्वोताच्या माथी मारून घेतलं ते?"

"त्याचे हात मी धरले होते," माया म्हणाली आणि आता तिचा आवाज फुटला. "वरतं धरून ठेवले होते, हालू देल्ले नाही. मी कोणाले सांगू? तुमी गप राहा. माह्यासाठी गप राहा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. देवमन गप्प राहिला. खरं सांगायचं तर मायानं त्याला जे करायला सांगितलं, ते त्याला हवंच होतं. बायकोचा शब्द मोडायचा नाही, या आडोशाला तो आणखी नऊ दिवस बसून राहिला. भ्यायला होता तो. एका पोरीचा बाप होता आणि त्या पोरीच्या तोंडून 'बाबा' हा शब्द पुन्हा ऐकायला मिळणार नाही, याचं त्याला भेव वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सुगतचा फोन आला. रविवारी न्यायला येतो म्हणाला. देवमन ओसरीवर झाडांना पाणी घालत होता. आतून दीक्षाचा आवाज आला, अगदी सपाट.

"येऊ नोका. मी येणार नाही... नाही, ऐका माहं. तुमी दुसरी पाहा. मी लेकरू मारणारी बाई हाय, मले पुन्हा नाही पायजे. माह्यापायी तुमचा वंश बुडवू नोका."

तिकडं सुगत काही बोलत असावा. ती म्हणाली, "मी इचार करूनच बोलून राहिली," आणि फोन ठेवला.

देवमनच्या हातातला पाण्याचा पाईप तसाच वाहत राहिला. लेक माहेरी सुरक्षित राहावी म्हणून तोंड शिवलं होतं, आणि इथं तर ती स्वतःचा संसारच मोडायला निघाली होती, आपल्या बापाच्या पापासाठी. त्यानं नळ बंद केला. त्या रात्री मायाशी तो एक शब्द बोलला नाही, बोलला असता तर तिनं पुन्हा अडवलं असतं.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला दीक्षा पुढच्या खोलीत खिडकीजवळ बसली होती. देवमननं कपाटातून फाईल काढली, फिल्म घेतली आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"बेटा, तुले एक दाखवाचं हाय."

तिनं फिल्मकडं बघितलं. "हे त्याचं नाही. बदली झालती न?"

"बदली नाही झाली. हे त्याचंच हाय."

मधल्या दारात माया येऊन उभी राहिली. "दीक्षाचे बाबा," ती म्हणाली. देवमननं मान वळवली नाही. त्यानं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, चिमुकल्या फासळ्यांची ती जाळी, मध्ये पांढरं हृदय.

"मी छापली ते अशी." मग त्यानं ती उलटी केली. "निंघाली होती ते अशी. हृदय उजवीकडं. मशीननं बरोबर देल्लं होतं. मले वाटलं कॅसेट पालथी गेली. मी फिरवली."

दीक्षा नुसती फिल्मकडं बघत राहिली. त्याला वाटलं तिला कळलंच नाही. तो पुन्हा सांगायला लागला, अक्षर खिशात राहिल्याचं, एकाच क्लिकचं, दुसऱ्यांदा किरण द्यायला मन झालं नाही त्याचं. शब्द एकमेकांत अडकत होते. "डॉक्टरनं जे पाहिलं ते माह्या हातचं पाहिलं. त्यायनं न्यूमोनियाचं औषध देल्लं. तुह्या सोनोग्राफीनं नाही व पोरी. तुले कोणी सांगतलं नव्हतं का हृदयात काही हाय म्हणून. मले तर डोयापुढं दिसत होतं."

तिनं हात पुढं करून फिल्म त्याच्याकडून घेतली. तशीच उलटी ठेवून स्वतः उजेडात धरली.

"हे काळं काय हाय? गोल?"

"पोट. पोटातली हवा. ते डावीकडं असते."

"मी धरलं तसं डावीकडं हाय. आन् तुमी फिरवलं तवा उजवीकडं गेलं."

"हाव."

"ते तुमाले दिसलं होतं?"

देवमनला इथं थांबता आलं असतं. नाही म्हणाला असता तर कोणाला कळणार होतं? "दिसलं होतं," तो म्हणाला.

"वाचला असता?"

"सर म्हणतात, बहुतेक."

दीक्षानं फिल्म मांडीवर ठेवली. तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, आणि मग ती रडली. गेल्या इतक्या दिवसांत ती अशी रडली नव्हती, पोटातून, वाकून, लेकराचं नाव नव्हतं म्हणून नुसतं "माह्या बाळा, माह्या बाळा" करत. माया धावली, तिला कवटाळलं. देवमननं हात पुढं केला आणि मागं घेतला. कितीतरी वेळानं ती थांबली. पदरानं तोंड पुसलं आणि बापाकडं बघितलं.

"अमरावतीच्या मॅडमनं फिल्म पायली, तवाच तुमाले समजलं होतं न?"

"हाव, बेटा."

"आज किती दिवस झाले त्या गोष्टीले?"

त्याला आकडा तोंडपाठ होता. "सोळा."

"सोळा दिवस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्याचंच त्याला जास्त लागलं. "तुमी फिल्म फिरवली, ते मी समजू शकते. घाईत होते, लेकरू रडत होतं, मीच देल्लं होतं त्याले तुमच्या हाती, रडतरडत. चुकते माणूस. पण लेकरू गेल्यापासून मी या घरात येईल त्याले सांगून राहिली, का मी मारलं त्याले. आन् तुमी पल्याडच्या खोलीत आयकत बसले. सोळा दिवस, बाबा."

तयारी देवमननं सगळ्याची केली होती, ती शिव्या देईल, फिल्म फाडेल, तोंडावर थुंकेल. या एका गोष्टीची तयारी केली नव्हती, कारण ही त्याला गुन्ह्यासारखी वाटलीच नव्हती. गप्प बसणं म्हणजे आपण सोसतोय, असंच तो समजत होता.

तिनं फिल्म पाकिटात घातली आणि आपल्याजवळ ठेवली. "सुगतले मी सांगीन," म्हणाली. "तुमी नोका सांगू."

रविवारी सुगत आला. दोघं आतल्या खोलीत तासभर होते. देवमन ओसरीवर खुर्चीत बसून होता. आतून एकदा सुगतचा मोठा आवाज आला, मग शांत झालं. अकराच्या सुमाराला दीक्षा बॅग घेऊन बाहेर आली. आईच्या गळ्यात पडली. बापासमोर येऊन थांबली, वाकली, त्याच्या पायाला हात लावला, रीत म्हणून लावतात तसा. "येतो," म्हणाली, पण बाबा म्हणाली नाही. सुगतनं गाडी सुरू केली, त्याच्याकडं बघितलं नाही. ती मागं बसली, पदर खोचला आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी गल्लीच्या तोंडाला वळली, तरी देवमन उभाच होता.

दुपारी मायानं त्याला वाढलं. त्यानं घास मोडला आणि तसाच धरून बसला.

"काल तुमी बाजारात गेले होते तवा जेवली ती," माया म्हणाली. "दोन भाकरी खाल्ल्या. भाजी मांगून घेतली. आज सकायी पण पोहे खाल्ले."

"मले दिसली नाही जेवताना," देवमन म्हणाला.

मायानं पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला. "तुमी भायेर गेल्यावर जेवली," ती म्हणाली. "मले म्हणे, बाबा घरात असले का घास उतरत नाही."